'आभासी यंत्र स्थापित करणे' म्हणजे नेमकं काय करणे?

प्रश्न असा आलाय की कॉलेजच्या पोरांसाठी मराठीत माहिती लिहायचीय, डेस्कटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) घेऊन त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कशी चालवायची याची, आणि मथळा दिलाय 'डेस्कटॉपवर आभासी यंत्र स्थापित करणे', तर हे बरोबर आहे का?

व्याकरणात चूक काढता येणार नाही, पण असं बोलत कोणी नाही, आणि दोन्ही शब्द वाचणाऱ्याला भलतीकडे नेतात.

आधी 'आभासी' घेऊ. हा आपल्याला शाळेत प्रकाशाच्या धड्यात भेटतो, सपाट आरशातली आभासी प्रतिमा, जी पडद्यावर घेता येत नाही. आणि हे आभासी यंत्र दिसतं ते पडद्यावरच! आभास म्हटलं की डोक्यात येतं 'वाटतं पण नसतं', हेत्वाभासातही (खरं वाटणारं पण फसवं कारण) तेच. मूळ इंग्रजी व्हर्च्युअलचं जवळजवळ उलटं आहे, नावाला ती वस्तू नसेल पण कामाला तीच, मूळ लॅटिन व्हर्टस म्हणजे बळ, गुण. आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० हे सॉफ्टवेअर आणलं त्यातही मुद्दा हाच होता की मोठा कॉम्प्युटर एकच, पण टर्मिनलवर बसलेल्या प्रत्येकाला स्वतःचं वेगळं मशीन मिळाल्यासारखं काम करता यावं. तुमच्या पोरांनी ८ जीबीच्या पीसीवर व्हीएमला (व्हर्च्युअल मशीनला) ४ जीबी रॅम दिली की ते चालू असेपर्यंत ती गेलीच समजा, बाहेरचा ब्राउझर रडायला लागतो. त्याची हार्ड डिस्क म्हणजे आपल्याच डिस्कवरची एक व्हीडीआय फाइल, ती उडवली तर आतलं सगळं खरोखरच उडतं. यात आभास कुठाय? पेपरवाल्यांनी 'आभासी चलन' रूढ केलंय, ते आता हटणार नाही, पण म्हणून तुम्ही इथे तेच ओढायला पाहिजे असं नाही, सरळ व्हर्च्युअल मशीन लिहा.

खरी गडबड 'स्थापित'ची आहे. मराठीत संस्था स्थापन करतात, गणपतीची स्थापना होते, 'सॉफ्टवेअर स्थापित करा' हे मला तरी हिंदी स्क्रीनवरून उचलल्यासारखं वाटतं. आपल्याकडे या कामाला क्रियापदं भरपूर आहेत आणि प्रत्येक पायरीला वेगळं लागतं, तिथे एकच 'स्थापित' सगळीकडे फासलं की पोरगं गोंधळणार. बीआयओएसमध्ये (पीसी चालू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये) जाऊन व्हर्च्युअलायझेशन *चालू करायचं* (इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर बहुतेकदा एसव्हीएम नावाने सापडतं). व्हर्च्युअलबॉक्स *टाकायचं*. त्यात 'न्यू' दाबून मशीन *बनवायचं*, रॅम *द्यायची*, स्लायडर हिरव्या पट्ट्यातच ठेवून. आयएसओ (लिनक्सच्या सीडीची फाइल) *लावायची*, जुन्या काळी सीडी लावायचो तशी. मग लिनक्स *टाकायचं* किंवा *चढवायचं*. दुकानातला पोरगा 'विंडोज मारून देतो' म्हणतो तेही अस्सल आहे, पण लेखात जरा जास्त होईल. बघा, टाकणं दोनदा आलं आणि दोन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी, एकदा पीसीवर, एकदा व्हीएममध्ये, नवीन माणूस नेमका तिथेच अडकतो, म्हणून कशात टाकायचं ते दरवेळी लिहाच. मथळा 'डेस्कटॉपवर व्हर्च्युअल मशीन बनवून त्यात लिनक्स टाकणे' असा करा, लांब झाला तरी चालेल.

होस्ट-गेस्टसाठी (होस्ट म्हणजे आपला पीसी, गेस्ट म्हणजे त्यातलं व्हीएम) यजमान-पाहुणा मात्र मला आवडतं. यजमान मुळात यज्ञ करवणारा, म्हणजे दक्षिणेसकट सगळा खर्च त्याच्याच माथी, आणि इथेही रॅम, प्रोसेसर, डिस्क सगळं होस्टच्याच खिशातून जातं. पण एकदा समजावून सांगायला ठीक, पुढे होस्टच लिहा, कारण माउस व्हीएमच्या खिडकीत अडकला की सोडवायला 'होस्ट की' दाबावी लागते (विंडोजवर सहसा उजवा कंट्रोल) आणि तिला 'यजमान कळ' म्हणालात तर कळ भलतीकडेच उठेल.

लिंगाचं विचारलं नाहीये तरी सांगतो. 'व्हीएम पडलं' आणि 'व्हीएम पडली' दोन्ही कानावर येतं, कारण मुळात मशीनचंच तसं आहे, कोणी 'मशीन घेतलं' म्हणतं आणि शिवायला बसलं की 'मशिनीवर' म्हणतं. मी नपुंसकलिंगीच ठेवतो, 'ते व्हीएम'. तुम्ही स्त्रीलिंगी केलंत तरी माझी हरकत नाही, फक्त एका लेखात एकच ठेवा.