रेंज फुल तरी नेट जातंय? आधी नळ सोडून बघा

तुमची नेट जाण्याची पोस्ट वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. ट्रॅव्हलर गाडीचं मोटरहोम (चाकांवरचं घर), छतावर अँटेना, सिमचा राउटर, रेंज फुल आणि तरी दिवसातून दहा वेळा नेट गायब... दोन वर्षांपूर्वी माझं डिट्टो हेच. एपीएन (सिमच्या नेटची सेटिंग), रीसेट वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडतो.

मी चार महिने सिम कंपनीच्या मागे लागलो होतो, नाव घेत नाही. तीनदा सिम बदलून दिलं आणि दरवेळी एकच, "सर तुमच्या एरियात काम चालू आहे". अहो मी आज दापोलीत, परवा मालवणात, माझा एरिया कुठला? वर महागडा प्लॅन गळ्यात मारला तो वेगळाच. मग वैतागून बाजारातून सिग्नल वाढवणारा बूस्टर आणला, आठ हजार गेले, नंतर कळलं की आपल्याकडे असला बूस्टर आपल्या मनाने लावणं बेकायदेशीर आहे. अजून माळ्यावर पडलाय.

खरं कारण बायकोनं पकडलं. ती भांडी घासायला लागली की माझी मीटिंग तुटायची! नळ सोडला की पाण्याचा पंप चालू आणि राउटर रीस्टार्ट. म्हणजे नेट जातच नव्हतं, राउटर बंद पडून परत चालू व्हायला दोन मिनिटं घेत होता. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला तर बॅटरीवर 12.6 व्होल्ट आणि पंप चालू असताना राउटरच्या पिनेवर जेमतेम 10, तेवढ्यावर तो बंद पडायचा. गाडी बनवणाऱ्यानं पंप आणि राउटर एकाच बारीक वायरवर टाकलेले, निगेटिव्ह तर बॉडीच्या पेंटवरच स्क्रू मारून दिलेली. लाखो रुपये घेतात आणि वायरीत पैसे वाचवतात, संताप येतो नुसता.

मी बॅटरीपासून राउटरला वेगळी 2.5 स्क्वेअर एमएमची वायरची जोडी ओढली, निगेटिव्हसकट, बॅटरीजवळ फ्यूज, आणि मध्ये कायम 12 व्होल्ट देणारा कन्व्हर्टर. तो हवाच, इंजिन चालू असताना 14 च्या वर जातं, सगळ्या राउटरना झेपत नाही. मी इलेक्ट्रिशियन नाही हां, जमत नसेल तर करून घ्या, पण फ्यूज लावायला विसरू नका.

हे करूनही अडलं तरच अँटेनाकडे बघा. माझं मत, पटलं तर घ्या: अँटेना भारी आणि वायर लांब म्हणजे पैसे पाण्यात, आरजी58 ही अँटेनाची बारीक वायर 10 मीटर टाकली की 1800 मेगाहर्ट्झच्या बँडवर बराचसा सिग्नल तिथेच जातो. राउटरच छताजवळ न्या. आणि रेंजच्या दांड्या बघू नका, राउटरच्या सेटिंगच्या पेजवर एसआयएनआर (गोंधळाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा) बघा, तो शून्याजवळ असेल तर फुल रेंजचा काही उपयोग नाही. जिओ असेल तर कोकणात डोंगराआड राउटर बँड 5 वर लॉक करून बघा, म्हणजे तो फक्त तीच फ्रिक्वेन्सी पकडेल, 850 मेगाहर्ट्झ लांब जातो, स्पीड कमी पण कॉल टिकतो.

आणि हो, पुढच्या महिन्यात लडाख म्हणताय, तिथे आपलं इकडचं प्रीपेड चालत नाही, पोस्टपेड आत्ताच करून घ्या.