हाड जुळलं, मग मनगट का लोंबतंय?

अगं, तू लिहिलंयस की स्कूटीवरून पडून दंडाचं हाड मोडलं, दोन महिन्यांत ते जुळलंही पण मनगट अजून लोंबतंय, ब्लाउज शिवायचं काम बंद पडलंय, डॉक्टर नुसतं थांबा म्हणतात आणि सासूबाई म्हणतात एक्स-रे चांगला आलाय, आता नाटकं पुरे. "मावशी, खरंच माझ्या मनाचेच खेळ आहेत का?"

छे गं! एक्स-रेमध्ये नस, म्हणजे नर्व्ह, दिसतच नाही. मनगट आणि बोटं वर उचलणारी रेडियल नस दंडाच्या हाडाला चिकटून वळसा घालत खाली येते, त्यामुळे हाड मोडलं की ती ताणली जाते, चेंबते, क्वचित तुटतेही. नुसती दबली असेल तर काही आठवड्यांत सुधारते, पण आतले तंतू तुटले असतील तर त्यांचा खालचा भाग मरतो आणि वरून नवे तंतू जुन्याच रिकाम्या नळीतून वाढत यावे लागतात, आणि वेग किती, तर दिवसाला साधारण 1 मिलिमीटर! फ्रॅक्चरपासून कोपराजवळच्या स्नायूपर्यंत 10 सेंटिमीटर धरलं तरी तीन-साडेतीन महिने तिथेच गेले. म्हणून थांबा म्हणतात. कातडी न फाटलेल्या अशा फ्रॅक्चरमध्ये बहुतेकांची नस आपोआप परत येते, आधी मनगट उचलतं, अंगठा सगळ्यात शेवटी.

पण थांबायचं म्हणजे हात गळ्यात अडकवून बसायचं नाही हं. मनगट वर धरणारा स्प्लिंट लाव, आणि दुसऱ्या हाताने मनगट नि एकेक बोट पूर्ण सरळ करत जा, दिवसातून चार-पाचदा, नाहीतर नस येईल आणि सांधेच आखडलेले असतील. अंगठ्यामागची जागा बधिर असेल तर इस्त्री आणि तव्यापासून जप, चटका बसलेला कळणार नाही. सासूबाई म्हणतात त्या मालिशवाल्याकडे मात्र अजिबात जाऊ नकोस, तेलाने तंतू वाढत नाहीत आणि ओढाताण झाली तर उलट दुखणं वाढायचं. बी-ट्वेल्व्हच्या गोळ्याही कमतरता असेल तरच, उगाच पैसे घालवू नकोस.

नस आणि स्नायू किती काम करतायत ते बघणारी ईएमजी-एनसीव्ही टेस्ट झाली नसेल तर डॉक्टरांना विचार. आणि चार महिने होऊनही काहीच हालचाल नसेल तर नसांची ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनला दाखवच, कारण नसेशिवाय स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षच तग धरतो. तेही हुकलं तरी चालू असलेल्या स्नायूचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, वळवून मनगट उचलता येतं, हात गेला असं नसतं.

आणि टेस्टच्या दिवशी सासूबाईंना सोबत ने, रिपोर्ट डॉक्टरच त्यांना समजावून सांगू देत.