घरी पोचलीस की मेसेज कर

(वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सांगलीची, गावभागात वाढलेली. २०१८ पासून बर्लिनला नोकरी करते, नॉयकोल्न म्हणून भाग आहे, तिथं एकटीच भाड्यानं राहते. यंदा गणपतीला पाच आठवडे सांगलीत होते, थोडी सुट्टी, थोडं वर्क फ्रॉम होम. चोर गणपती (चतुर्थीच्या आधीच गुपचूप बसतो तो) बसल्यापासून ते पाचव्या दिवशीच्या संस्थानच्या गणपतीच्या विसर्जनापर्यंत सगळं पोटभर बघितलं, भडंगाचे डबे संपवले, खूप मजा आली. पण खरं सांगू का, चौथ्या आठवड्यात मला बर्लिनची आठवण यायला लागली. माझी सायकल, माझं किचन, रात्री दहा वाजले तरी 'कुठं आहेस' असा फोन न येणं. परत आले, विमानतळावरून ट्रेनमध्ये बसले, आईला फोन लावला आणि तोंडातून गेलं, "आई, अर्ध्या तासात घरी पोचतेय." आई गप्प. मग म्हणाली, "बरं. घरी पोचलीस की मेसेज कर." एवढंच, पण ते 'घरी' ती ज्या पद्धतीनं म्हणाली ते डोक्यातून जातच नाहीये.

त्यात नेमकी रविवारी उतरले, इथं रविवारी दुकानं बंद, फ्रिजमध्ये एक मोहरीची बाटली. शेवटी हाउप्टबानहोफ म्हणजे मेन स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं तिथून दूध-ब्रेड आणलं. आता बारा दिवस झाले. बॅग पॅसेजमध्ये अर्धी उघडी पडलीय, रात्री तीनला टक्क जाग येते, मग फॅमिली ग्रुप बघत पडून राहायचं, आणि दिवसभर ऑफिसात जांभया. आणि आता सांगलीची आठवण येतेय! २०१९ च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मी इथं बसून आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी फुटाफुटानं बघत जागत होते, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या तुर्की काकू तीन दिवस मसूर डाळीचं सूप आणून देत होत्या, भाषा धड येत नव्हती दोघींनाही. मग मी नक्की कुठली? आईला काय सांगू? ती इथं एकदाही आलेली नाही, पासपोर्ट मात्र काढून ठेवलाय.
– सांगलीकर, सध्या बर्लिन

उत्तर : अगं, आधी झोपेचं बघू, कारण तीन-चार तास झोपलेल्या माणसानं 'मी नक्की कुठली' असले प्रश्न हातात घेऊच नयेत. सांगली आणि बर्लिनमध्ये सध्या साडेतीन तासांचा फरक आहे. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, आणि पश्चिमेकडं जाताना तर पूर्वेपेक्षा सोपं जातं, म्हणजे चार-पाच दिवसांत तुझी गाडी रुळावर यायला पाहिजे होती. बाराव्या दिवशी तीनला जाग येते त्याला जेट लॅग म्हणू नकोस. तुझे तीन म्हणजे आमचे साडेसहा, दूधवाला येऊन गेलेला, ग्रुपवर काका-मामांचे सुप्रभात धडाधड पडायला लागलेले. तू उठतेस आणि त्यांच्यात जाऊन बसतेस, शरीरानं तरी काय समजायचं! फोन रात्री किचनमध्ये ठेव आणि दहा युरोचं गजराचं घड्याळ आण. संध्याकाळी उजेड आहे तोवर बाहेर राहा. टेम्पेलहोफचं मैदान तुमच्या नॉयकोल्नला लागूनच की, २००८ ला बंद झालेला विमानतळ, लोक धावपट्टीवर सायकली हाणतात म्हणे. जा तिकडं. सातला सोफ्यावर 'जरा पाच मिनिटं' म्हणून आडवी झालीस की संपलं.

बॅग आज रिकामी कर. मला माहितीय ती का उघडी पडलीय. हळदीची पुडी इकडच्या पेपरात गुंडाळून वरून आईनं दोरा मारलेला असतो, ती गाठ सोडवत नाही. मी स्वतः धारवाडची, घरात कानडी बोलणारी, लग्न होऊन सांगलीला आले त्याला आता २९ वर्षं झाली. पहिल्या वर्षी आईनं दिलेला पेढ्याचा खोका रिकामा झाल्यावरही मी सहा महिने फळीवर ठेवला होता, मुंग्या लागल्या तेव्हा सासूबाईंनी न विचारता टाकला आणि मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. तेव्हा सांगतेय, हळद डब्यात भर, पेपर वाचायचा असेल तर वाच, आणि बॅग माळ्यावर टाक नाहीतर पलंगाखाली.

मग बारकी कामं काढ. निघायच्या आधीच्या रिकाम्या बाटल्या दाराशी पिशवीत असतीलच, तिकडं राहणाऱ्या प्रत्येकाच्या असतात. त्या दुकानातल्या मशीनमध्ये टाकून ये, डिपॉझिट परत मिळतं, प्लॅस्टिकच्या बाटलीचे आणि कॅनचे २५ सेंट, बियरच्या काचेच्या बाटलीचे ८ (बियर कुणाची ते मी विचारत नाही). किटलीत पांढरा थर जमला असेल, बर्लिनचं पाणी जडच, त्यात व्हिनेगर घालून उकळ. मंगळवारी नाहीतर शुक्रवारी मायबाखउफरच्या तुर्की बाजारातून कोथिंबिरीची जुडी आण, काकूंना पण एक दे. हे मी तुझं मन रमवायला सांगत नाहीये हं. तू सात वर्षं त्या शहरात हीच कामं केलीयस, ती हाताला पाठ आहेत, आणि हात कामाला लागले की डोकं मागनं येतं. मोठं काहीतरी करायला घेऊ नकोस, म्हणजे नवीन जिम, नवीन क्लास वगैरे. जुनंच कर.

आता त्या 'घरी'चं. माझी गोष्ट ऐक. दुसऱ्या वर्षी मी धारवाडहून रेल्वेनं परत येत होते, सोबत आई, पहिल्यांदाच माझ्याकडं येत होती. कुडचीच्या पुढं गाडी कृष्णेवरून जाते, तो पूल लागला आणि मी कानडीत म्हणाले, "आलं आपलं घर." आई खिडकीबाहेर बघत राहिली. मिरजेला उतरेपर्यंत बोलली नाही, फलाटावर चहा पिताना म्हणाली, "नदी मोठी आहे तुमची." तुमची! मला रडू आलं होतं, आणि आत कुठंतरी बरंही वाटलं होतं, आज कबूल करते.

पण एक फरक बघ. पुण्यात ३० वर्षं राहिलेला सांगलीकर इकडं येताना म्हणतो गावाला चाललो, आणि जाताना खुशाल आईसमोर म्हणतो घरी निघालो, कुणाला काही वाटत नाही. लेक माहेरपणाला आली आणि आठव्या दिवशी म्हणाली 'आता घरी जायला पाहिजे', तर उलट सगळे खूश, पोरगी रमली म्हणायची. तुझ्या त्या 'घरी'मध्ये मात्र नवरा नाही, सासू नाही, एक सायकल आहे आणि तुझं एकटीचं किचन. म्हणून ते टोचलं, असा माझा अंदाज आहे. आईची चूक नाही, तिला असलं घर कुणी दाखवलेलंच नाहीये. तुझीही नाही. सॉरी म्हणायला जाऊ नकोस, सॉरी म्हटलंस तर तिला वाटेल खरंच काहीतरी झालंय.

त्यापेक्षा तिला दाखव. रोजच्या व्हिडिओ कॉलवर तुझा चेहराच कशाला पाहिजे? बाटल्या मशीन कसं गिळतं ते दाखव, किटलीतला थर दाखव, तुर्की काकूंना दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर आण. पुराच्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तुझी आई तेव्हा सामान माळ्यावर चढवत असेल नाहीतर कुणाकडं तरी राहायला गेली असेल, आणि तिच्या लेकीला परमुलखात कोण जेवायला घालत होतं हे तिला बहुतेक माहीतच नाही. तू सांगितलंच नसशील. सांग.

आणि पासपोर्ट आहे तर बोलाव की! शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालतो त्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं. मे-जूनमध्ये बोलाव, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात अजिबात नको, चारला अंधार पडतो, बाई म्हणेल कुठं येऊन पडलीय माझी पोर. अजून एक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमची घड्याळं मागं जातात, मग फरक साडेचार तासांचा. आईच्या रात्री साडेआठचा फोन आत्ता तुला पाचला पडतो, तो चारला यायला लागेल, तू मीटिंगमध्ये असशील, उचलणार नाहीस, आणि इकडं परत 'घरी' सुरू. आधीच वेळ ठरवून टाक.

प्रश्न : आमचा मुलगा जर्मनीत असतो, दिवाळीनंतर परत जाणार. घरचं तूप, पेढे आणि कढीपत्ता द्यायचा विचार आहे, तो म्हणतो काही देऊ नका. काय करावं?
– एक आई, मिरज

उत्तर : मुलाचं बरोबर आहे हो काकू. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, त्यात तूपही आलं आणि खव्याचे पेढेही. ताजी फळं, भाजी, पानं यांना सरकारी सर्टिफिकेट लागतं, त्यातून केळी, नारळ, अननस, खजूर अशी मोजकीच सुटलीत. हळद, चटण्या, बेदाणे बिनधास्त द्या. तुपाचं असं करा, त्याला सांगा तिकडं दुकानात ज्या पाकिटावर 'सावररामबुटर' लिहिलेलं असतं ते बिनमिठाचं बटर आण, ते आंबवलेल्या सायीचं असतं, मंद आचेवर कढवलं की वास आपल्या लोणकढ्या तुपाच्या बराच जवळ जातो. कढवताना व्हिडिओ कॉलवर तुम्ही बसा, त्याला गॅस कधी बंद करायचा ते कळणार नाही. भडंग द्याच, फक्त पिशवीला दोन रबर लावा, आमच्या भाचीच्या बॅगेतून अजून शेंगदाणे निघतात.