संपीडनातली पीडा आणि गिटारमधला पिझो

प्रश्न : घरी रेकॉर्ड केलेल्या गाण्याच्या फायनल मिक्सवर कॉम्प्रेसर आणि लिमिटर दोन्ही लावायचे का? काम एकच ना? आणि कॉम्प्रेशनला मराठीत 'संपीडन' म्हटलेले चालेल का?

"कॉम्प्रेसर लावून आवाज वाढवला" हे ऐकून ऐकून कान किटले. वाढवतो तो मेकअप गेन, म्हणजे दाबून झाल्यावर दिलेली वाढ. कॉम्प्रेसर फक्त दाबतो, तेही थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या पातळीच्या, वर डोके काढणाऱ्यालाच. थ्रेशोल्ड उणे १८ डेसिबलवर आहे, रेशो, म्हणजे दाबण्याचे प्रमाण, २:१ आहे आणि थाप उणे १२ ला पोचली, तर वरचे ६ डेसिबल ३ होतात. थाप उणे १५ वर येते. एमपी३ करताना फाइल 'कॉम्प्रेस' होते ती भानगड निराळी, ती इथे नको.

'संपीडन' बेलाशक म्हणा. त्यात पीडा आहे म्हणून 'संकोचन' घ्या, असा सल्ला देणारे भेटतात. संकोचन म्हणजे आपले आपण आकसणे. इथे बाहेरून दाब येतो. संकोच वाटायचाच तर कॉम्प्रेसर वापरणाऱ्याला वाटावा! 'पीड्' धातूचा अर्थ आधी दाबणे, पिळणे. दुःख देणे हा त्यातून निघालेला अर्थ. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात 'पिपीळे अंशुः' येते ते सोमाची काडी पिळण्याबद्दल. आपले 'पिळणे' आणि 'पीळ' याच धातूचे.

खरी गंमत पुढे आहे. 'पीड्' हा मुळात 'वर' या अर्थाचा 'पि' आणि बसण्याचा 'सद्' यांचा सांधा : वर बसणे, म्हणून दाबणे. ग्रीकमध्ये याच सांध्याचे 'पिएझेइन', म्हणजे दाबणे, झाले. दाबल्यावर स्फटिकात वीज निर्माण होते हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. त्या गुणाला मिळालेल्या 'पिझोइलेक्ट्रिसिटी' या नावातला 'पिझो' तो हाच. अकूस्टिक गिटारमध्ये पिझो पिकअप (तारांची कंपने टिपणारा तुकडा) सॅडलच्या, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाली असतो, आणि इंग्रजी 'सॅडल'सुद्धा त्याच बसण्याच्या धातूचे! कॉम्प्रेसमधला लॅटिन 'प्रेमेरे' मात्र या कुळातला नाही. 'प'वरून नाते जोडणाऱ्यांनी पुढची अक्षरेही वाचावीत.

म्हणून माझे म्हणणे असे, की पाट्यांवर 'संपीडन' शोभेल, पण बोलताना दोन क्रियापदे वेगळी ठेवा : मिक्स दाबला आणि मिक्स पिळला. रेशो १.५:१ ते २:१, अटॅक (दाब बसायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंदांच्या आसपास, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १०० ते ३००, दाब दाखवणारी सुई १-२ डेसिबलच हलते : हे दाबणे. अटॅक १ मिलिसेकंदावर आणला की किकची आणि तबल्याची थाप बोथट होते. रिलीज फार जलद ठेवला की पिळणे सुरू. ५० हर्ट्झच्या एका लाटेला २० मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याहून लहान असेल तर कॉम्प्रेसर प्रत्येक लाटेबरोबर वरखाली करतो आणि बेस फाटतो. दर किकला सगळे गाणे धापा टाकत असेल तर साइडचेनला (कॉम्प्रेसर जे ऐकून दाबतो त्या वाटेला) ८०-१०० हर्ट्झचा हाय-पास, म्हणजे त्याखालचे खर्ज गाळणारा फिल्टर, लावा. आणि कॉम्प्रेसर बायपास (तात्पुरता बाजूला) करून तुलना करताना दोन्ही आवाज समान पातळीवर आणा. नाहीतर जे मोठे तेच कानाला गोड लागते.

लिमिटर? नात्याने कॉम्प्रेसरच, फक्त रेशो १०:१ च्या पुढे, ब्रिकवॉल असेल तर अनंत. हद्द ओलांडू द्यायची नाही एवढेच त्याचे काम. 'मर्यादक' म्हणा, वाद नाही. साखळीत तो कॉम्प्रेसरनंतर. १६ बिट फाइल काढायची असेल तरच त्यानंतर डिदर, म्हणजे बिट कमी करताना मिसळायची बारीक खरखर. सीलिंग, म्हणजे लिमिटरची हद्द, ट्रू पीकमध्ये (खऱ्या शिखरांच्या मापात) उणे १ डेसिबल ठेवा, कारण दोन सॅम्पलच्या मधली शिखरे साध्या मीटरला दिसत नाहीत आणि एमपी३ किंवा एएसी होताना ती आणखी उंचावतात. लिमिटर २-३ डेसिबलहून जास्त कापत असेल तर मिक्समध्ये परत जा; बहुधा एखादा स्नेअर किंवा गायकाचा एखादा शब्दच उसळलेला सापडतो. गाणे उणे ८ लफ्सपर्यंत (LUFS, कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) पिळले तरी स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये ते उणे १४ च्या आसपास खाली ओढते : ६ डेसिबल परत, थाप गेली ती गेलीच. मास्टरिंग दुसरे कुणी करणार असेल तर लिमिटर काढून २४ बिट फाइल द्या, शिखरे उणे ३ ते उणे ६ मध्ये.