लेकरू मटणाला हात लावंना

मागच्या आखाडात लातूरकडच्या एका खेड्यातले आईवडील पंधरा वर्षांच्या पोरीला घेऊन माझ्याकडं सल्ल्याला आले. वडील बसता बसताच म्हणले, "मॅडम, तीन महिने झालं लेकरू मटणाला हात लावंना, अंडं बी नको म्हणायलंय, ताकद कुठून येईल?" हा प्रश्न आता बऱ्याच घरांतून येतो म्हणून लिहितेय.

पोरगी सगळ्यांसमोर गप्प. एकटीला विचारलं तर कळलं, उन्हाळ्यात घरची कंदुरी (नवसाचा बोकड कापून जेवण) झाली, त्यातला बोकड हिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. पंगतीत घास गिळवेना तर काका म्हणले, नखरे करू नको, फोडी काढ अन् नुसता रस्सा खा, आणि स्वतःच रस्सा ताटात ओतला. मला वाटतं तिचा राग मटणापेक्षा त्या ओतण्यावर जास्त होता.

मी आधी वजन आणि पाळीचं विचारलं. कधी कधी शाकाहार नुसतं निमित्त असतं, आज मटण सुटतं, उद्या भात, परवा तेल, तसं दिसलं तर मी सरळ डॉक्टरकडे पाठवते. ही मात्र पिठलं-भाकरी दाबून खात होती.

आणि ताकदीचं म्हणाल तर लातूरच्या माणसानं, सोयाबीनच्या ढिगात बसून, प्रोटीन कुठून म्हणावं! 100 ग्रॅम तूरडाळीत साधारण 22 ग्रॅम असतं, शेंगदाण्यात 25 च्या आसपास. खरी काळजी लोह आणि बी12 ची. जेवताना लिंबू पिळायचं, वरून लगेच चहा नको, आणि शाळेत आठवड्याला मिळणारी ती लोहाची निळी गोळी घ्यायची (मळमळतं म्हणून ही दप्तरात साठवत होती, जेवल्यावर घे म्हटलं). बी12 भाजीपाल्यातून मिळत नाही, दूध-दह्यातून मिळतं, हिला दूध आवडत नाही, म्हणून रोज दही आणि डॉक्टरांना विचारून एकदा रक्त तपासा म्हटलं.

वडिलांना पटलं. आई मात्र रडायलाच लागली, "माझ्या हातचं खाईना म्हणजे मीच नको झाले की." मी विचारलं, घरात कुणी माळकरी आहे का? तर सासूबाई, वीस वर्षांपासून, आधी त्यांचं वेगळ्या भांड्यात करून मगच मटण चुलीवर चढतं.

"मग त्याच भांड्यात मूठभर जास्त?"

"त्यांनी पंढरपूरला माळ घातलीय मॅडम, हिनं काय घातलं?"

माझ्याकडं याला उत्तर नव्हतं, ते आजीनंच दिलं. पुढच्या वेळी आई सांगत होती, म्हातारीनं आपलं पातेलं पुढं सरकवलं आणि म्हणली, दोघींचं यातच कर. आता पोरीची तक्रार एवढीच, आजीला लसूण चालत नाही म्हणून पिठलं फिकं होतंय.