गावांमध्ये माता-बाल आरोग्याच्या कामात पुरुषांना कसं सामील करून घ्यावं?

भाषणं कमी करा, नेमकी कामं सोपवा. ‘बायकोची काळजी घ्या’ असं मोघम सांगून काही होत नाही. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर गाडी कुणाची, पैसे कुठे ठेवलेत, रक्त लागलं तर कोण देणार, मोठ्या मुलाला कोण सांभाळणार, हे सातव्या महिन्यातच नवऱ्याला बसवून ठरवून घ्या. कारण बाळंतपणातले बरेच मृत्यू उशिरामुळे होतात: निर्णय घ्यायला, दवाखान्यात पोचायला आणि तिथे उपचार मिळायला. पहिले दोन उशीर बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाच्या हातात असतात. जास्त रक्तस्राव, झटके, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी डोकेदुखी ही लक्षणं त्याला पाठच हवीत.

पुरुषांशी पुरुषांनीच बोललेलं जास्त पटतं. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात ‘पतींच्या शाळा’, म्हणजे गावातल्या नवऱ्यांचे गट, याच धर्तीवर चालवल्या गेल्या. बैठक कामावरून परतण्याच्या वेळेला ठेवा. दुपारी कोण येणार?

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये पुरुषांच्या सहभागाची शिफारस केली, पण बाईची निवड आणि निर्णयाचा हक्क राखूनच. नवरा सोबत नाही म्हणून कुणाही बाईला ताटकळत ठेवू नका. आणि तो आला असला तरी तपासणीत थोडा वेळ तिच्याशी एकटीशी बोला. घरात मारहाण होत असेल तर ती त्याच्यासमोर कधीच सांगणार नाही.