'लाठीचार्ज' की 'लाठीचार्च'? अर्थ काय, शब्द आला कुठून?

'लाठीचार्ज' बरोबर: एकच शब्द, 'ठी' दीर्घ, शेवटी 'र्ज'; 'लाठीचार्च' चूक. जमाव पांगवायला पोलिसांनी काठ्या चालवणे, एवढाच अर्थ. तालुक्याला बातम्या टाइप करतो. बियाण्याच्या रांगेत रेटारेटी झाली की गावोगावचे बातमीदार हमखास 'चार्च' लिहून पाठवतात, कारण कानाला तसंच ऐकू येतं. शब्द अर्धा देशी, अर्धा विलायती आहे. संस्कृत 'यष्टि'चं प्राकृतात 'लट्ठि' झालं, त्यातून लाठी. (आपली ढोरामागची काठी वेगळी, ती 'काष्ठ'वरून.) 'चार्ज' म्हणजे शत्रूवर चाल करून जाणे, घोडदळाचा इंग्रजी शब्द, मोबाइल चार्ज करतो तोही हाच, पण अर्थ निराळा. मराठीत 'लाठीमार' किंवा 'लाठीहल्ला' लिहा, मला 'लाठीमार'च सुटसुटीत वाटतो. फक्त तहसीलदारांना निवेदन देणार असाल तर ध्यानात ठेवा: कायद्यात हा शब्द नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 मध्ये (जुनं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 129) आधी जमावाला पांगण्याचा हुकूम आणि तो न मानल्यास 'बळाचा वापर', अशी भाषा आहे.